तुमचं मत पाठ झालं का?

चेन्नईत सध्या क्रिटिकल थिंकिंगचे दिवस आहेत. पूर्वी इंग्रजी शाळा ‘फाडफाड इंग्रजी’ विकायच्या. आता फाडफाड बोलणारी पोरं गल्लोगल्ली झाली, त्यामुळे दुकानात नवा माल आला आहे: तुमचं मूल चिकित्सक विचार करेल, आणि तोही इंग्रजीत. फी मात्र विचार न करता भरायची.

वर्गात हा विचार कसा करतात ते पाहा. धडा संपतो. धड्याखाली एक चौकट, चौकटीत पेटलेला बल्ब, बल्बखाली ‘थिंक’. पोरं बल्बकडे बघतात. सर फळ्यावर उत्तर लिहितात. पोरं ते उतरवून घेतात. झाला विचार. वह्या मिटा, उद्या पॅसिव्ह व्हॉइस.

तमिळनाडू बोर्डाच्या पोरांचा यासाठी स्वतःचा शब्दकोश आहे. धड्यामागच्या प्रश्नांना म्हणायचं ‘बुक-बॅक’. ते घोकले की निम्मी लढाई खिशात. शंभरपैकी शंभर पडले की ‘सेंटम’. कुठल्या विषयात किती सेंटम, याचे आकडे निकालाच्या दिवशी पेपरात छापून येतात. आणि बुक-बॅकमध्ये नसलेला प्रश्न आला, की तो ‘क्रिएटिव्ह’. हा शब्द इथे कौतुकाचा नाही. ‘यंदा क्रिएटिव्ह फार होते’ ही तक्रार असते, आणि पोरांपेक्षा पालक ती जास्त मनापासून करतात.

महाराष्ट्राने यावर हसायचं कारण नाही. आपण प्रश्नपत्रिकेचं नाव बदलून ‘कृतिपत्रिका’ केलं आणि तिच्यात ‘स्वमत’ नावाचा प्रश्न घातला. इंग्रजीच्या पेपरात तोच ‘पर्सनल रिस्पॉन्स’ म्हणून येतो. हेतू उदात्त होता. पण आठवड्याभरात गाइडवाल्यांनी स्वमत छापून काढलं, क्लासवाल्यांनी ते वाटलं आणि आयांनी ते पाठ करून घेतलं. ‘स्वमत झालं का रे पाठ?’ असं स्वयंपाकघरातून ओरडून विचारणारं राज्य जगाच्या पाठीवर दुसरं नसेल. मोबाइलचे फायदे-तोटे या विषयावर लाखो पोरांचं स्वमत शब्दाला शब्द जुळतं. एवढं एकमत आपल्याकडे संतांचंही झालं नव्हतं.

पण सगळ्यात झकास धडा दिला तो सीबीएसईने. ११ डिसेंबर २०२१, दहावी, इंग्रजीचा पेपर. करोनामुळे त्या वर्षीचं पहिलं सत्र बहुपर्यायी होतं: चार पर्याय, त्यातला एक गोल काळा करायचा. त्यात एक उतारा आला. मथितार्थ असा, की बायका स्वतंत्र झाल्या, नवऱ्याचं ऐकेनाशा झाल्या, म्हणून घरातली पोरं आणि नोकरचाकर शिस्त विसरले. त्याखाली प्रश्न. आता समजा, पेपर सोडवणाऱ्या मुलीच्या आईच्या पगारावर घराचा हप्ता चालतो. तिने काय करावं? ‘लेखक काहीच्या बाही लिहितोय’ असा पाचवा गोल नव्हता. लेखकाचं म्हणणं ओळखा, गोल रंगवा, मार्क घ्या.

दोन दिवसांनी सोनिया गांधींनी लोकसभेत हा विषय काढला. बोर्डाने उतारा मागे घेतला आणि सगळ्यांना त्याचे पूर्ण मार्क देऊन टाकले. ज्यांना उतारा पटला त्यांना, ज्यांना चीड आली त्यांना आणि ज्यांनी तो वाचलाच नाही त्यांनाही. विचार करणारा आणि न करणारा यांना सारखेच मार्क मिळतात, हे एरवी आडून सांगतात; त्या दिवशी बोर्डाने ते लेखी कळवलं.

माझं मत विचाराल तर तो उतारा ठेवायला हवा होता. प्रश्न तेवढे बदलायचे. लेखक हे कशावरून म्हणतो? त्याने पुरावा काय दिलाय? पोरं आणि नोकर एकाच वाक्यात आले, हे तुम्हाला खटकलं का? दहावीच्या पोरीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याची अशी पिसं काढली असती, की पेपर काढणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नसती. पण मग पेपर तपासणार कोण? गोल मशीन तपासतं. पिसं माणसाला मोजावी लागतात.

‘कशावरून?’ हा एवढासा प्रश्न. वर्गात तो मास्तरला विचारला तर उद्धटपणा, घरात विचारला तर आगाऊपणा आणि परीक्षेत विचारला तर आउट ऑफ सिलॅबस.

त्याऐवजी आपण भांडतो कशावर? भाषा किती, यावर. तमिळनाडूने १९६८ साली ठरवलं: दोन भाषा, तमिळ आणि इंग्रजी, हिंदी नको. केंद्र म्हणतं तीन हव्यात, आणि त्या ओढाताणीत शाळांचे पैसे अडकतात. महाराष्ट्राने २०२५ साली १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, १७ जूनला तो दुरुस्त केला आणि २९ जूनला दोन्ही आदेश गुंडाळून समिती नेमली. या भांडणात अस्मिता आहे, इतिहास आहे, मतदारसंघ आहेत. ते खोटं आहे असं कुणी म्हणणार नाही. फक्त एक बारीक तपशील राहून जातो. यातल्या कुठल्याच भाषेत पोराला वर्गात तोंड उघडायची मुभा नाही. तेव्हा दोन की तीन हा वाद म्हणजे पोराने किती भाषांमध्ये गप्प बसायचं, एवढ्यापुरताच आहे.

गंमत अशी, की पोरांना कसं शिकवावं याचे प्रयोग करण्यात चेन्नईचा हात धरणारं शहर विरळा. १७८९ साली एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा होती. तिचे प्रमुख अँड्र्यू बेल नावाचे पाद्री. त्यांनी जवळच्या देशी शाळेत पोरं वाळूवर बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि आपल्या शिक्षकांना सांगितलं, असं शिकवा. शिक्षकांनी साफ नकार दिला. वाळूत बोटं घालायला आम्ही शिकलो का, असा एकूण सूर. बेलसाहेबांनी मग ते काम जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या पोराला दिलं, आणि त्या पोराने ते करून दाखवलं. पोरांनी पोरांना शिकवायचं, वर मास्तर एक, खर्च नाममात्र. १७९७मध्ये बेलनी लंडनला त्यावर पुस्तक छापलं, आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. बेल गेले तेव्हा त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. तिण्णईवरच्या, म्हणजे ओट्यावरच्या ज्या पंतोजीची कल्पना उचलली, त्याचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

आता या पद्धतीत विचाराला जागा किती? शून्य. मोठ्याने म्हणायचं, धाकट्याने म्हणायचं, चुकला तो खाली बसायचा. गरिबांच्या सगळ्या पोरांना लिहिणं-हिशेब शिकवायलाच हवेत, असंही बेलसाहेबांना वाटत नव्हतं. वाळू गेली, पाटी आली, पाटी गेली, स्मार्ट बोर्ड आला. म्हणणं चालूच आहे.

मग पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आली ‘मद्रास स्नोबॉल’. ज्या शहरात बर्फ रसवंतीगृहाबाहेर दिसत नाही, तिथे योजनेला बर्फाच्या गोळ्याचं नाव! प्राथमिक शाळांतल्या सत्तावीस हजार इंग्रजी शिक्षकांना नव्याने तयार करायचं होतं. थोड्यांना शिकवा, त्यांनी पुढच्यांना शिकवायचं, गोळा घरंगळत मोठा होईल, असा हिशेब. शिकवायची ती ‘स्ट्रक्चर्स’. मास्तर दाराकडे चालत म्हणणार, ‘आय ॲम वॉकिंग टु द डोअर.’ वर्ग ओरडणार, ‘ही इज वॉकिंग टु द डोअर.’ मास्तर दाराकडे का चालले आहेत, हे विचारायचं स्ट्रक्चर नव्हतं. बर्फाचा गोळा मद्रासच्या उन्हात जितका टिकायचा तितका टिकला.

आणि तरीही याच शहरात असा एक माणूस होता, ज्याने हे कोडं जवळजवळ सोडवलं होतं. एन. एस. प्रभू. ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कचेरीत इंग्रजीच्या शिक्षणाचं काम बघायचे. स्ट्रक्चर घोटलेली पोरं वर्गात घडाघडा बोलतात आणि वर्गाबाहेर मुकी होतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूरच्या साध्यासुध्या शाळांमध्ये एक प्रयोग चालवला. पुढे तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ म्हणून गाजला. त्यात मद्रासचा वाटा होता हे मद्रासही विसरलं. प्रभूंचा दावा साधा होता: पोराचं लक्ष भाषेवर नको, अर्थावर हवं. डोकं कामाला लागलं की भाषा मागून येते.

म्हणून त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि वर्गात रेल्वेचं वेळापत्रक आणलं. नकाशे आणले, शाळेचं टाइमटेबल आणलं, घड्याळ आणि कॅलेंडर आणलं. वर्ग कसा चालायचा, ते माझ्या मनाने रंगवलेल्या नमुन्यावरून पाहा. फळ्यावर मद्रासहून बंगळूरला जाणाऱ्या तीन गाड्या. ब्रिंदावन एक्सप्रेस कधी सुटते, काटपाडीला कधी, जोलारपेट्टैला कधी. एका माणसाला दुपारी दोनला बंगळूरला मुलाखत आहे, आणि स्टेशनपासून कचेरी तासाभरावर. कुठली गाडी पकडेल? मास्तर मुद्दाम चुकीची गाडी सांगतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, नो. धिस ट्रेन कम टू ओ’क्लॉक. इंटरव्ह्यू गॉन.’

आता या वाक्याचं काय करायचं? आपला परीक्षक लाल शाईने ‘कम’चं ‘कम्स’ करेल, ‘गॉन’भोवती गोल काढेल आणि अर्धा मार्क देईल. प्रभूंच्या वर्गात हे उत्तर बरोबर. कारण गाडी खरंच दोनला पोचते आणि मुलाखत खरंच बोंबलते. मास्तर जाता जाता ते वाक्य नीट करून म्हणेल, पोराच्या कानावर पडेल, विषय पुढे. मुख्य म्हणजे मास्तर चुकला हे ठरवलं कुणी? वेळापत्रकाने. पोराने मास्तरशी हुज्जत घातली नाही, पुरावा दाखवला. ‘कशावरून?’ विचारायची परवानगी मागावी लागली नाही. फळ्यावर लिहिलेलंच होतं कशावरून ते.

प्रभूंनी कामांचे तीन प्रकार केले होते. एकात एकाकडची माहिती दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्क करून नवं काही काढायचं. तिसऱ्यात आपलं मत सांगायचं. आजच्या क्रिटिकल थिंकिंगवाल्यांना वाटेल, तिसरा प्रकार सगळ्यात भारी. प्रभूंच्या अनुभवात दुसरा भारी ठरला. मताच्या प्रश्नाला बरोबर-चूक नसतं, त्यामुळे कच्च्या पोराला पाय ठेवायला जमीन मिळत नाही. मग ते मास्तरच्या तोंडाकडे बघतं आणि मास्तरला आवडेल ते बोलतं. तर्काच्या प्रश्नात जमीन असते. आधी ‘कशावरून’, मग ‘तुला काय वाटतं’. आपण उलटं केलं. चौथीच्या पोराला विचारतो, ‘तुझं पर्यावरणाविषयी मत काय?’ त्या बिचाऱ्याचं मत एवढंच असतं, की बेल कधी होणार.

काम जमलं की नाही याचा प्रभूंचा ठोकताळाही ऐकण्यासारखा होता: निम्म्या वर्गाला निम्मं काम जमलं, तर काम योग्य पातळीचं. निम्म्याला निम्मं! सेंटमच्या गावात हे बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं.

पुढे काय झालं? दोन अभ्यासकांनी या वर्गांची तुलना नेहमीच्या वर्गांशी केली. निष्कर्ष जपून मांडलेला, पण एकंदरीत प्रभूंच्या बाजूने. नंतरच्या पाहणीत मात्र दिसलं, की शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांना हे नीट पेललं नव्हतं. जमलं ते मुख्यतः बाहेरून आलेल्यांना. १९८७ साली प्रभूंचं पुस्तक ऑक्सफर्डने काढलं. प्रभू सिंगापूरला विद्यापीठात गेले. त्यांची कल्पना ‘टास्क-बेस्ड’ हे नाव घेऊन जगभर हिंडली आणि आज गुळगुळीत कागदावर, परदेशी किमतीत, चेन्नईच्या शाळांना परत विकली जाते. आधी ओट्यावरची वाळू गेली, मग वेळापत्रक गेलं. आपलंच आपल्याला विकण्याचा धंदा या शहरातून दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा पावती इंग्रजीत मिळाली.

२००३ साली चेन्नई महापालिकेच्या शाळांनी आणखी एक धाडस केलं. आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या काळात अभ्यासाची कार्डं आली, पायरीपायरीने शिकायच्या शिड्या आल्या, मास्तर खुर्ची सोडून चटईवर आले, ज्याने त्याने आपल्या गतीने शिकायचं ठरलं. २००७मध्ये ते राज्यभर गेलं. प्राथमिकमध्ये पोर चटईवर मोकळं बसलं. पुढे मोठ्या वर्गात गेल्यावर त्याला कळलं, की आता बाक आहे, बुक-बॅक आहे आणि तोंडावर बोट आहे.

तिकडे पश्चिमेत विद्वानांना वेगळीच काळजी. १९९७ साली ड्वाइट ॲट्किन्सन यांनी इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या एका बड्या नियतकालिकात प्रश्न टाकला, की हा चिकित्सक विचार म्हणजे मुळात पाश्चात्त्यांची सामाजिक सवय तर नव्हे? ती इतरांच्या पोरांना शिकवावी का? प्रश्न सद्भावनेचाच. पण साहेबांनी एकदा तंजावर जिल्ह्यात होळीच्या सुमाराला यायला हवं होतं. मराठ्यांच्या राज्यात लावणी तिकडे गेली आणि तमिळमध्ये रुजली. आपण तिला पुढे तमाशात ठेवली, त्यांनी तिला वादात उभी केली. कामन पंडिगैला, म्हणजे मदनाच्या सणाला, दोन पक्ष समोरासमोर. शंकराच्या तिसऱ्या डोळ्याने मदन जळाला, असं म्हणणारा ‘एरिंद कट्ची’. जळालाच नाही म्हणणारा ‘एरियाद कट्ची’. दाखले, प्रतिदाखले, कोपरखळ्या, आणि समोर अख्खं गाव. मदन जळाला का नाही, हे अजून ठरलेलं नाही आणि कुणाला घाईही नाही. आपल्या कलगी-तुऱ्याचे हे सख्खे चुलतभाऊ.

पोंगल-दिवाळीला तमिळ टीव्ही लावा. सकाळी आंघोळी आटपून कुटुंबच्या कुटुंबं पट्टिमंड्रम बघतात, म्हणजे चक्क वादसभा. दोन बाजू, मध्ये न्यायाधीश. मदुरैचे सॉलोमन पाप्पैया तर यावर घरोघरी पोचले आणि २०२१ साली पद्मश्री झाले. सणासुदीला मनोरंजन म्हणून युक्तिवाद ऐकणाऱ्या घरातली ही पोरं. त्यांना चिकित्सक विचार येत नाही म्हणून मॉड्यूल विकत आणायचं, म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहण्याचा क्लास लावण्यासारखं.

तरीही कुणाला शंका असेल तर समुद्रापलीकडे, जाफन्याला डोकावावं. तिथल्या विद्यापीठात सुरेश कॅनगराजा इंग्रजी शिकवायचे आणि विद्यार्थ्यांच्या हाती अमेरिकन पाठ्यपुस्तक होतं. विद्यार्थी वर्गात निमूट. कॅनगराजांनी त्यांची पुस्तकं उघडून पाहिली, तर समासांमध्ये सिनेमा, प्रेम, चळवळीच्या घोषणा. पुस्तकातल्या अमेरिकन जोडप्यांची यथेच्छ खिल्ली. वर्गात विचार नव्हता असं नाही. तो समासात राहत होता. मधल्या जागेत मॉडेल आन्सर राहायचं.

मास्तरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. पन्नास वह्या, पन्नास पोरं, चाळीस मिनिटांचा तास. त्यात निवडणूक आली की मतदारयादी घेऊन दारोदार, जनगणना आली की पुन्हा दारोदार. अशा माणसाने प्रत्येक पोराचं ‘कशावरून’ ऐकत बसावं, ही अपेक्षा मंत्रालयात एसीत बसून करायला सोपी आहे. गोल आणि मॉडेल आन्सर त्याला आवडतात असं नाही. त्याला रात्री नऊला जेवायचं असतं.

तेव्हा दोन्ही राज्यांच्या बोर्डांना एकच सुचवणं. मत मागणं बंद करा. मतांचा या देशात तुटवडा नाही. सकाळच्या पहिल्या व्हॉट्सॲपबरोबर किलोभर फुकट मिळतात. कारण मागा. इंग्रजीच्या पेपरात दहा मार्कांचा एक प्रश्न असा ठेवा, की त्याचं तयार उत्तर कुठेच नाही: एखादं वेळापत्रक, एखादी जाहिरात, एखादं विजेचं बिल द्या आणि विचारा, यातलं काय खटकतं आणि कशावरून. मार्क सगळे कारणाला, स्पेलिंगला शून्य. एवढ्या एका प्रश्नाच्या बदल्यात मास्तरचं बाकीचं ओझं कमी करा.

पहिल्या वर्षी सेंटम कोसळतील. गाइडवाले हवालदिल होतील. ‘क्रिएटिव्ह’ म्हणून चेन्नईत निवेदनं जातील, पुण्यात मोर्चे निघतील. निघू द्यावेत. मोर्चातल्या पालकांना पाणी द्यावं, सावलीत बसवावं आणि एवढंच विचारावं: पेपर अन्यायाचा होता, हे कशावरून? ‘गाइडात नव्हता’ हे कारण धरलं जाणार नाही.